सासूबाईंचं नाक

त्या वर्षांत माझ्या अंगाला लोण्याचा वास यायचा. हे मी कौतुकाने सांगत नाही. कॅनडातल्या नॉर्थ यॉर्कमधल्या ज्या लॅबमध्ये मी नोकरी करत होतो तिथे खाण्याच्या पदार्थांत घालायचे वास तयार व्हायचे. स्ट्रॉबेरी एकाकडे, व्हॅनिला दुसरीकडे आणि लोणी माझ्याकडे. संध्याकाळी बसमध्ये बसलो की शेजारचा माणूस हळूच मान वळवून बघायचा, मागे कुणी पॉपकॉर्न खातंय का म्हणून. मी खिडकीबाहेर बघत बसायचो, जसं काही त्या गावचाच नाही.

त्यातच बायकोला दिवस गेले आणि तिला माझा वास सहन होईना. “प्लीज, आत येऊ नकोस. यू आर अ पॉपकॉर्न,” असं ती दारातूनच ओरडायची. मग आमच्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमध्ये उभं राहून मी कोट, स्वेटर आणि वरचा शर्ट काढायचो, गार्बेज बॅगेत कोंबायचो, तिला गाठ मारायचो आणि मगच बेल वाजवायचो. समोरच्या अपार्टमेंटमधल्या म्हाताऱ्या बाईंनी एकदा मला बटणं काढताना पाहिलं आणि “आर यू ओके, डिअर?” असं विचारलं. मी हो म्हणालो. दुसरं काय सांगणार?

त्या वासाचं नाव डायॲसिटिल. रसायनशास्त्रात तो कीटोन जातीत मोडतो. पिवळट, पातळ, बाटलीचं झाकण उघडलं की उडून जाणारा. नाव परकं, पण ओळख जुनी. साय विरजली की तिच्यातले जिवाणू हाच पदार्थ तयार करतात, आणि ताज्या लोण्याला जो वास असतो तो बराचसा याचाच. ताकात असतो, चीजमध्ये असतो, कॉफीतही थोडा सापडतो. इतकंच काय, माणसाच्या अंगालाही तो किंचित असतो, कारण कातडीवरचे जिवाणूही तेच काम करत बसलेले असतात. बाटलीतल्या अर्कापासून मात्र जपून राहावं लागतं. कारखान्यात त्याच्या वाफा रोज छातीत गेल्या तर फुफ्फुसं कायमची बिघडतात, हे त्याच वर्षांत सगळ्यांना कळून चुकलं होतं. त्यामुळे आमचे ग्राहक म्हणू लागले, वास लोण्याचाच हवा, पण त्यात डायॲसिटिल नको. म्हणजे पुरणपोळी करा, फक्त पुरण घालू नका. हे लोढणं माझ्या गळ्यात पडलं होतं, आणि काही केल्या जमत नव्हतं.

अशा वेळी मिरजेहून सासूबाई आल्या, लेकीचं बाळंतपण करायला.

त्यांच्या नाकाविषयी मी लग्नाआधीपासून ऐकून होतो. घर शाकाहारी. कॉलेजात असताना बायकोने मैत्रिणीकडे चोरून अंडं खाल्लं, वर दोन पेपरमिंटच्या गोळ्या चघळल्या आणि घरी आली. सासूबाईंनी दार उघडलं आणि विचारलं, “उकडलेलं की आम्लेट?” शेजारणीचं दूध उतू जायच्या आत या आपल्या अंगणातून ओरडून सांगायच्या. त्यांच्या नाकाला फसवलंय असा माणूस मिरजेत नव्हता म्हणे. मी तर वास घेण्याचाच पगार खाणारा. आमच्या धंद्यात असं नाक मिळायला नशीब लागतं. त्यामुळे जगातले बाकीचे जावई सासूबाई येणार म्हटल्यावर काय करतात ते करोत, मी मात्र मनापासून वाट बघत होतो.

त्या सप्टेंबरच्या शेवटी आल्या. एका बॅगेत कपडे आणि दुसऱ्या बॅगेत डिंक, अहळीव, बाळंतशोपा, ओवा आणि एक लाकडी रवी. विमानतळावरून आम्ही घरी आलो तेव्हा लिफ्टमध्ये कुणाच्या तरी तळलेल्या माशांचा वास नुसता कोंडून राहिला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चौदाव्या मजल्यापर्यंत मी श्वास रोखून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्यांनी कपाळावर एक आठी पाडली नाही. वर पोचल्यावर मी बायकोला हळूच म्हणालो, “तुझ्या आईचे मॅनर्स बघ. नाहीतर तू.”

दुसऱ्या दिवशी चहा पितानाच त्यांनी जाहीर केलं, “विकतच्या तुपावर माझ्या मुलीचं बाळंतपण होणार नाही. लाडवांना तूप घरचंच पाहिजे.”

मी त्यांना ग्रोसरीला घेऊन गेलो. कॅनडात दूध पिशवीतून मिळतं हे बघून त्या खूश झाल्या. “एवढे पैसे खर्चून आले आणि दूध मिरजेसारखंच,” म्हणाल्या. पण त्या दुधाला साय कुठली यायला? मग मी त्यांना व्हिपिंग क्रीमचे कार्टन दाखवले. कोमट करून त्यांनी ते दुकानच्या दह्याने विरजलं. आंबट झालं, घट्टही झालं, पण वासाच्या नावाने शून्य. मी झाकण काढून दोनदा हुंगलं आणि नाक मुरडलं. माझं बघून त्यांनीही मुरडलं.

ऑफिसात बसून विचार करताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डायॲसिटिल करणारे जिवाणू काही प्रत्येक दह्यात नसतात. आपल्या घरच्या जुन्या विरजणात सगळी जत्रा असते, दुकानच्या दह्यात मोजकेच पाहुणे. पण इथे कार्टनमधून जे बटरमिल्क मिळतं, पॅनकेकमध्ये घालायला, त्यात नेमके ते असतात. म्हणजे लोण्याचा वास ज्याच्या तोंडपाठ त्या माणसाला घरच्या लोण्याचं विरजण सुचेना. काखेत कळसा म्हणतात तो हा.

त्या रात्री बटरमिल्कचा एक चमचा घालून क्रीमचं भांडं आम्ही ओव्हनमध्ये, उबेपुरता नुसता आतला दिवा लावून, ठेवलं. दुसऱ्या संध्याकाळी मी झाकण काढलं आणि माझे डोळे मिटले. आजोळी गेल्यासारखं वाटलं, आता याहून जास्त सांगता येत नाही. डोळे उघडले तर सासूबाई भांड्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

“जमलंय?” त्यांनी विचारलं.

“आई, फर्स्ट क्लास.”

“मग घुसळते,” म्हणाल्या आणि पदर खोचून रवी घेऊन बसल्या.

लोणी कढवायला घेतलं तेव्हा मी चुलीवरचा एक्झॉस्ट फॅन लावला. त्यांनी तो लगेच बंद करायला लावला. टीव्हीही बंद करायला लावला. “तूप बोलतं, ते ऐकू आलं पाहिजे,” म्हणाल्या. खरंच, लोणी वितळलं की आधी बुडबुडबुड आवाज येतो, मग तडतड, मग ती तडतड बारीक होत होत थांबते. ती थांबली की भांडं उचलायचं, कारण आमची चूल विजेची आणि बटण बंद केलं तरी कॉइल तापलेलीच राहते. कान भांड्याकडे करून त्या उभ्या राहायच्या. मला वाटलं, काय ही जुनी माणसं, नाक आहेच, वर कानही वापरतात. रवाळ, सोनेरी तूप झालं. बायकोने डिंकाचे लाडू व्हायच्या आतच गरम भातावर घेऊन त्यातला पाव हिस्सा संपवला.

आता माझी हाव वाढली. आमच्याकडे वास तपासायला कागदाच्या पट्ट्या असतात, अत्तराच्या दुकानात देतात तशा. ऑफिसात त्या हुंगायला एक पॅनेल होतं, चांगली शिकवून तयार केलेली माणसं. त्यांनी माझ्या एकाही नव्या लोण्याला पास केलं नव्हतं. एकाला म्हणाले प्लॅस्टिक, एकाला म्हणाले ओला कुत्रा. बॉसची परवानगी काढून मी त्या पट्ट्या पाकिटात घालून घरी आणू लागलो. जेवणं झाली की सासूबाई टेबलाशी बसायच्या, चष्मा लावायच्या, वास घ्यायला चष्मा कशाला हे देव जाणे, आणि पट्टी नाकाशी धरून माझ्याकडे बघायच्या. मी उत्सुकतेने पुढे झुकलेलो.

“अहो, अगदी घरचं लोणी,” त्या म्हणायच्या.

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन भांडायचो. ज्यांनी जन्मात लोणी घुसळलं नाही त्यांना काय कळणार लोणी, असं मी भर मीटिंगमध्ये म्हणालो. बॉस शांत बाई होती. ती म्हणाली, “तुझ्या सासूबाईंना आम्ही नोकरी द्यायला तयार आहोत, पण आधी त्यांना एक कोरी, काहीच न लावलेली पट्टीही देऊन बघ.” पॅनेलला आम्ही तशी ती नेहमीच देतो, तुलनेसाठी. मी रागारागाने ती पाकिटात घातली.

सासूबाईंनी ती बराच वेळ हुंगली. “ही तर सगळ्यांत छान झाली,” म्हणाल्या.

मी पट्टी परत पाकिटात ठेवली. आमच्याकडे जावयाच्या हातचं पाणीही गोड म्हणायची रीत आहे, तेव्हा त्या इतके दिवस माझं मन राखत होत्या असं मला वाटलं. थोडा चिडलो, थोडं हसू आलं. त्यापलीकडे माझी अक्कल धावली नाही.

पुढच्या शनिवारी बायको प्रीनेटल क्लासला गेली होती. सासूबाईंनी लोणी कढायला ठेवलं होतं आणि ओट्यापाशीच उभ्या राहून डिंकातला कचरा निवडत होत्या. मी हॉलमध्ये व्हॅक्यूम करायला घेतलं. जुनं मशीन, कानठळ्या बसतील असं. थोड्या वेळाने मला करपल्याचा वास आला, आणि मशीन बंद करतोय तोच स्मोक डिटेक्टर किंचाळायला लागला. धावत किचनमध्ये गेलो. भांड्यातून काळा धूर निघत होता आणि भांड्यापासून हातभर अंतरावर सासूबाई पाठ करून, मान खाली घालून डिंक निवडत होत्या. तो आवाज ऐकून त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग छताकडे, आणि सगळ्यात शेवटी भांड्याकडे.

मी भांडं उचलून सिंकमध्ये ठेवलं, बाल्कनीचं दार उघडलं, टॉवेलने डिटेक्टरला वारा घालून तो गप्प केला. मागे वळलो तर त्या स्टुलावर बसल्या होत्या आणि डिंकाचं ताट मांडीवर घट्ट धरलं होतं.

“आई,” मी म्हणालो, “तुम्हाला वास येत नाही का?”

माझा प्रश्न होता तो, पण उत्तर मला विचारण्याआधीच कळलं होतं. लिफ्टमधले मासे, माझं तोंड बघून मुरडलेलं नाक, कोरी पट्टी. पगारी नाक घेऊन मी महिनाभर त्यांच्यासमोर वावरत होतो.

“गेल्या वर्षी पावसाळ्यात ताप आला होता,” त्या म्हणाल्या. “ताप उतरला आणि वास गेला. डॉक्टर म्हणाले, येईलही, नाही येणारही. उदबत्ती लावते रोज देवापुढे. काही नाही हो. नुसता धूर दिसतो.”

“मग आम्हाला सांगितलं का नाही?”

“तिला सांगू नका.” त्यांनी ताट बाजूला ठेवलं. “जावईबुवा, एवढं ऐका माझं. एकुलती एक लेक. तिचं बाळंतपण मी करणार म्हणून तिच्या लग्नापासून वाट बघतेय. दूध नासलेलं मला कळत नाही, करपलेलं कळत नाही, असं तिला समजलं तर ती मला सोफ्यावर बसवून ठेवेल. आई, तू राहू दे, म्हणेल. ते मला सोसायचं नाही.”

त्या रडल्या नाहीत. मी भांडं घासायला घेतलं, कारण त्यांच्याकडे बघणं जमेना. जळकं तूप निघता निघत नव्हतं.

“नाही सांगत,” मी म्हणालो. “पण चूल पेटली की मी घरात पाहिजे. आणि नसलो तर सकाळीच केलेल्या भाजी-भाकरीवर भागवायचं.”

“चालेल,” त्या म्हणाल्या, आणि लगेच, “ते भांडं राखेने घासावं लागेल, तुमच्या त्या स्पंजाने नाही निघायचं.”

तेव्हापासून मी त्यांचं नाक झालो. दूध तापवायच्या आधी त्या मला पातेलं दाखवायच्या, मी मान हलवायचो. फोडणी झाली की खोकायचो. सकाळी ऑफिसला निघायच्या आधी फ्रीज उघडून डबे हुंगून ठेवायचो आणि खराब झालेलं टाकून द्यायचो. हॉलमध्ये आणखी एक स्मोक डिटेक्टर लावला, बाळासाठी म्हणून. बायको सोफ्यावर पाय वर करून हे सगळं बघायची. “तू काय आजकाल किचनमध्येच राहायला गेलायस? आईला तुझा कंटाळा येईल,” म्हणाली. सासूबाई आतून म्हणाल्या, “असू दे गं, पुरुषमाणसाने शिकलं तर बिघडत नाही काही.”

बायकोपासून लपवणं मला आवडत नव्हतं. त्या दिवसांत ती मला बाळाची प्रत्येक लाथ सांगत होती आणि मी तिच्या आईबद्दल एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवून फिरत होतो. पण सासूबाई सकाळी उठून लाडू वळायला बसल्या की त्यांचा चेहरा असा फुललेला असायचा की माझं धाडस व्हायचं नाही. शिवाय खरं सांगायचं तर मजाही येत होती. सासू-जावयाचं गुपित ही चीज फार थोड्या लोकांच्या वाट्याला येते. त्यांनी मला तुपाचं ऐकायला शिकवलं. डोळे मिटून, कान कढईकडे. तडतड बारीक झाली की त्या बोट वर करायच्या, मीही करायचो, आणि दोघांची बोटं एका वेळी वर गेली की त्या हसायच्या.

माझं ऑफिसातलं लोणीही तेव्हाच मार्गी लागलं. पॅनेलचं म्हणणं मी निमूट ऐकायला लागलो, एवढंच त्याचं रहस्य. अगदी खरं लोणी काही ते नव्हतं, पण पॉपकॉर्नला चाललं.

नोव्हेंबरात मुलगी झाली. हॉस्पिटलमधून घरी आणलं त्या दिवशी बर्फाची पहिली भुरभुर होती आणि मी विंटर टायर अजून लावले नव्हते, म्हणून बायकोने गाडीत मला चार शब्द सुनावले. सासूबाई दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. बाळ-बाळंतिणीवरून तो ओवाळून टाकायचा तर बाहेर, पण चौदाव्या मजल्यावर बाहेर म्हणजे कॉरिडॉर. त्यांनी तो बिनदिक्कत तिथेच टाकला. मी गुपचूप उचलून आणला.

त्यांचं राज्य सुरू झालं. सकाळी बाळाला पायांवर घेऊन तेल लावायचं, न्हाऊ घालायचं, टाळूवर खोबरेल जिरवायचं, दुपट्यात गुंडाळायचं. मग बाळाला मांडीवर घेऊन त्या खाली वाकायच्या आणि तिच्या टाळूला नाक लावून बराच वेळ तशाच बसायच्या. बायकोला ते फार आवडायचं. तिने त्याचे फोटो काढले होते. मला मात्र ते बघवायचं नाही. मी काहीतरी काम काढून तिथून उठायचो.

एक गोष्ट राहिली होती, ती धुरी. न्हाणं झालं की तापल्या तव्यावर ओवा आणि लसणीची सालं टाकून बाळ-बाळंतिणीला त्याचा धूर द्यायचा. सासूबाईंनी दोनतीनदा विषय काढला आणि मी टाळला. एका रविवारी बायकोनेच मनावर घेतलं.

“अरे, त्या दोन्ही स्मोक डिटेक्टरना शॉवर कॅप लाव ना. सगळे तेच करतात. दहा मिनिटांचं काम.”

“नको,” मी म्हणालो.

“का?”

“नको म्हटलं ना. डिटेक्टर झाकायचा नाही.”

“एवढा कधीपासून रूल्सवाला झालास? दिवाळीत चकल्या तळताना तूच लावली होतीस दोन वर्षांपूर्वी. आईची एवढी एक इच्छा आहे. शी केम ऑल द वे फ्रॉम मिरज. तू लावतोस की मी चढू स्टुलावर?”

काय सांगणार होतो? त्या कॅप काढायच्या राहिल्या आणि तू झोपलेली असलीस, तर या घरात धूर ओळखणारं कुणी उरत नाही, तुम्ही तिघी दिवसभर एकट्या असता, हे? मी नुसता स्टुलावर हात ठेवून उभा राहिलो. बायकोचा आवाज चढला. मीही काहीतरी वाकडं बोललो. बाळ रडायला लागलं.

“त्यांना बोलू नकोस,” सासूबाई म्हणाल्या. त्या पाटावर बसल्या होत्या, बाळ मांडीवर. “बरोबर आहे त्यांचं. मला वास येत नाही गं. वर्ष झालं. तुला सांगू नका म्हणून मीच त्यांना बांधून ठेवलं होतं.”

बायकोने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. “तुझ्याशी नंतर बोलते,” मला म्हणाली. ते बोलणं नंतर झालं आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग ती खाली, आईजवळ बसली. टाके अजून दुखत होते, त्यामुळे भिंतीला धरून, हळूहळू बसली.

“आई, फोनवर का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू बोलावलं असतंस मला?”

बायकोला खोटं बोलता येत नाही, हा तिचा दोष लहानपणापासूनचा आहे म्हणतात.

“बोलावलं असतं,” ती म्हणाली. “पण काही करू दिलं नसतं.”

“तेच तर.”

बाळ शांत झालं होतं. सासूबाईंच्या पदराचं टोक मुठीत धरून छताकडे बघत होतं.

“मग रोज तिच्या टाळूला नाक लावून बसतेस ते?” बायकोने विचारलं.

“येईल एखाद्या दिवशी, म्हणून बघते.” त्यांनी दुपटं उगाच सारखं केलं. “तू झालीस तेव्हा तुझ्या टाळूला असा वास यायचा की मला तुला खाली ठेववायचं नाही. तुझी आजी ओरडायची, काम पडलंय आणि ही बघा, पोरीला हुंगत बसलीय. तो वास मला आठवतो. आठवतो असं वाटतं तरी. हिचा तसाच आहे का, एवढंच कुणीतरी सांगा मला.”

बायको वाकली. बाळाच्या डोक्यावर नाक टेकवून तिने श्वास घेतला आणि तिला रडू फुटलं. “छान येतोय गं,” एवढंच म्हणाली.

“छान म्हणजे कसा? छान तर मीही म्हणत होते यांच्या पट्ट्यांना,” सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. “जावईबुवा, तुमचा तर धंदाच हा. तुम्ही सांगा.”

मी स्टूल सोडलं आणि त्यांच्यासमोर गुडघे टेकले. वासांसाठी ऑफिसात शिकवलेले शब्द माझ्याकडे ढीगभर होते. बाळाच्या टाळूवर नाक ठेवलं आणि त्यातला एक कामाला येईना.

“आई, विरजण लावून दुसऱ्या दिवशी आपण झाकण काढतो ना,” मी म्हणालो, “तो पहिला वास. पण आंबटपणा अजून यायचाय. गोड आहे. आणि कोमट. भांडं नुकतंच उन्हातून आत आणलंय असं.”

त्यांनी डोळे मिटले होते. “खोबरेल?”

“ते वरून. तुम्ही आत्ताच लावलंय. त्याच्या खाली हा आहे.”

“आणि मागे, मानेपाशी? तिथे जरा वेगळा असतो.”

मी बाळाची मान हाताने उचलून तिथेही वास घेतला. “तिथे दुधाचा. सांडून वाळलेल्या.”

“हं,” त्या म्हणाल्या. “माझ्या लेकीचाच आहे.”

आणि बाळाला मांडीवर तसंच ठेवून त्यांनी एका हाताने माझ्या बायकोचं डोकं जवळ ओढलं आणि तिच्या भांगात नाक खुपसलं.